काटोलचा काटा, मानेवाड्याचा पोर्ट

३ नोव्हें., सोम.

पाय उशीवर, लॅपटॉप पोटावर. प्लास्टर अजून महिनाभर. पाय खाली टेकवायचासुद्धा नाही, डॉ. म्हणाले. गाडी घसरली ती चौकातल्या वाळूवर, आणि नेमकं काटोलचं काम हाती असताना.

काम एकदा नीट लिहून काढते, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील. संत्र्यांचं शेड. पट्ट्यावरून एकेक फळ वाटीत येतं, वाटीखाली वजनकाटा. काट्यातून एक वायर शेडच्या लॅपटॉपला. सिरियल वायर, म्हणजे जुनी चाल: एका वेळी एक अक्षर, रांगेनं. माझ्या प्रोग्रॅमनं ते वजन वाचायचं आणि त्या मापाची झडप उघडायची, की फळ आपल्या क्रेटमध्ये. आधीचा प्रोग्रॅम ज्यानं दिला तो आता फोन उचलत नाही.

मशीन तिथे, मी इथे नागपुरात, मानेवाड्यात पलंगावर. म्हणून व्हर्च्युअल पोर्ट. लॅपटॉपच्या पोटात दोन खोटे पोर्ट तयार केलेत, मधे खोटी वायर. एका टोकाला मीच लिहिलेला खोटा काटा वजनं सोडतो, दुसऱ्या टोकाला माझा प्रोग्रॅम वाचतो. दिवसभर खोटी संत्री मोजली. एक चूक नाही.

प्रफुल गांधीबागेतून आला, दुकानाचा तो साड्यांचा नवा वास अंगाला. चपला काढायच्या आधीच डोकावला.

"संत्री कुठी हायेत?"

"नाहीत."

"काटा?"

"तोही नाही."

"मंग काय मोजून राहिली तू?"

इतकं हसलो की पाय ठणकला.

५ नोव्हें., बुध.

वैशूचा फोन. प्रफुलची धाकटी बहीण. आमच्या लग्नानंतर त्या घरातून आमच्याशी बोलणारी ती एकटी. शेडचं सगळं तीच पाहते. बागायतदारांनी मिळून काढलेलं आहे, तिचे बाबा त्यातले मुख्य.

"वहिनी, आंबिया बहार तोडायले आला. दिल्लीची गाडी याच महिन्यात भरायची हाय. बाकीचे म्हणून राहिले मशीन परत करा, हातानंच छाटू. मी सांगितलं, नागपूरच्या एक मॅडम करून देतात. आता माही इज्जत तुह्या हातात."

"मॅडम म्हणजे मी, हे बाबांना सांगितलंस?"

"मॅडम हायेत म्हणून सांगितलं."

"वैशू."

"विचारलंच नाही त्याईनं. मी कायले सांगू?"

आम्ही बौद्ध. त्यांच्या घरात ते चाललं नाही. लग्नाला वैशू मैत्रिणीच्या हळदीला जाते सांगून आली होती. बाबांनी प्रफुलला एवढंच म्हटलेलं की तू तुझ्या वाटेनं. शिवी नाही, आरडाओरडा नाही. त्यानंतर तो काटोलला गेलेला नाही. काटोलची बस समोरून गेली तरी पाटी वाचत नाही.

आणि आता शेडमध्ये जाऊन वायर जोडायची कोणी? मी तर अशी. संध्याकाळभर हा प्रश्न घरात नुसता बसून होता. जेवताना तोच म्हणाला, "मी जातो रविवारी. तू फोनवर सांगजो."

मी म्हटलं, नक्की?

"वायरच तर लावायची हाय," म्हणाला. भाजी पुन्हा वाढून घेतली. ती तशीच राहिली ताटात.

८ नोव्हें., शनि.

प्र.ची शिकवणी. पोर्ट म्हणजे काय, इथे क्लिक, इथे नंबर, लाल पट्टी आली की मला वाचून दाखव. साडीचा पोत अंधारात बोटांनी ओळखणारा माणूस, माऊस मात्र असा धरतो की जणू तो चावेल.

आई कोराडीहून आली, डबा घेऊन. झुणका, भाकर, ठेचा. सगळं ऐकून घेतलं तिनं. माझा राग तिच्यासमोर निघाला. मॅडम म्हणून चालते, सून म्हणून चालत नाही, असं काम करावंच कशाला?

आई भाकर मोडत होती. "काम चोख कर. मॅडम म्हणतात नं, ते कमी नाही. तुह्या आजीले कोणी बाई म्हटलं नाही कधी."

नंतर प्रफुललाच म्हणाली, "जावईबापू, टोपी घाला. उन्हाचं डोकं दुखते तुमचं."

९ नोव्हें., रवि.

सकाळच्या बसनं गेला. निघताना तीनदा केस विंचरले, मग वर टोपी. 

फोन १.

"पोहोचलो. शेडमध्ये हाय."

"बाबा?"

"हायेत. खाटेवर."

"काही बोलले?"

"वैशूले म्हणाले, चहा ठेव."

"आणि तुला?"

"चहा आला नं मले."

फोन २. लाल पट्टी. 'ॲक्सेस डिनाइड.' म्हणजे पोर्ट आधीच कोणीतरी धरलाय. एका वेळी एकालाच मिळतो तो. जुना प्रोग्रॅम मागे लपून चालूच होता. बंद करवला.

फोन ३. आता पोर्टच सापडेना. मधल्या वेळात यानं वायर एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली. भोक बदललं की नंबर बदलतो. मघाशी तीन होता, आता सात. आणि मी मूर्खासारखं तीनच लिहून ठेवलेलं प्रोग्रॅममध्ये. घरी खोट्या पोर्टांचे नंबर कधी बदललेच नाहीत, म्हणून सुचलंच नाही. जे पोर्ट दिसतील त्यांतून निवडायची सोय केली, फोनवर पाठवलं. शेडमध्ये नेट नाही, रस्त्यापर्यंत चालत यावं लागतं. गेला, उतरवून घेतलं, परत आला. धापा ऐकू येत होत्या.

फोन ४. पोर्ट उघडला! वजनाच्या जागी मात्र...

"वाचतो. चौकोन. प्रश्नचिन्ह. मंग वायसारखं काहीतरी, त्याच्या डोक्यावर दोन टिंबं. मंग परत चौकोन. हे आपल्या इकडलं अक्षर नाही वं."

मागे कोणीतरी हसलं. वैशू असावी.

रात्री आठला घरी आला. जेवला. "टोपी तिथीच राह्यली," म्हणाला. बाकी काही नाही.  झोपताना पायाखालची उशी नीट करून दिली, मग बराच वेळ हात प्लास्टरवर ठेवून बसला.

१० नोव्हें., सोम.

सापडलं. वेग. दोन्ही टोकं एकाच वेगानं बोलली पाहिजेत, नाहीतर चौकोन आणि टिंबं. मी आपला नेहमीचा वेग धरला होता. खात्री करायला घरच्या पोर्टांवर मुद्दाम एका टोकाला एक वेग दिला, दुसऱ्याला भलताच. तरी वजनं स्वच्छ! खोट्या वायरला वेगाचं काही पडलेलंच नाही. आठवडाभर मी तिच्या भरवशावर खूश होते.

वैशूनं काट्याच्या सेटिंगचा फोटो पाठवला. चोवीसशे. फारच संथ, म्हातारा काटा. बदलून पाठवलं.

फोटोत कोपऱ्यात खाट दिसते, खाटेवर दोन पाय. एक पाय दुसऱ्यावर. मी त्यांना इतकंच पाहिलंय आजवर, शिवाय प्रफुलकडचा एक जुना फोटो.

१२ नोव्हें., बुध.

दुकानाच्या सेठनं सुट्टी दिली, लग्नसराई असून. प्र. पुन्हा काटोलला.

आकडे आले!! १८२. १७५. १९०. फोनवर तो आकडे ओरडत होता, मी इथे पलंगावर टाळ्या वाजवत होते. आई शनिवारपासून इथेच आहे, ती स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं मी पडले.

मग वैशूचा आवाज. "वहिनी, थांब. मोठाली फळं सारी बारीकच्या क्रेटमधी चालली."

पहिल्यांदा वाटलं झडप उलटी. नाही. प्रफुलला म्हटलं पडद्यावरचं जसंच्या तसं वाच, एक ओळ सोडू नको. "एकशे ब्याऐंशी. एक. ब्याऐंशी. एकशे नव्वद. सतरा. पाच."

तिथे बसलेल्या बागायतदारांपैकी कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "कम्प्युटरले संत्र अन् बोर सारखंच दिसते का गा?" हशा. मला सगळं ऐकू आलं. प्रफुलनं फोनवर हात ठेवला, उशिरा ठेवला.

मशीन बंद करायला सांगितलं. वैशू क्रेट उलटे करून फळं परत ढिगात ओतत होती, तो आवाज वाईट. 

१३ नोव्हें., गुरु.

एकशे ब्याऐंशी एकदम येत नाही. आधी एक येतो, क्षणभर थांबून ब्याऐंशी. माझा प्रोग्रॅम मिळालं की लगेच वजन समजून मोकळा. ब्याऐंशी ग्रॅमचं संत्रं, टाका बारीकमध्ये. घरचा खोटा काटा वजन अख्खं हातात देत होता, कारण मीच त्याला तसं शिकवलं. मला सोयीचा काटा केला होता मी.

आता उलटं केलं. खोट्या काट्याला वाईट सवयी लावल्या. वजन तोडून पाठव. मधेच थांब. कधी अर्धंच पाठवून गप्प बस. कचरा मिसळ. मग त्याच्यासमोर माझा प्रोग्रॅम बसवला: ओळ पुरी झाल्याची खूण येईपर्यंत तुकडे साठव, मगच वजन म्हण. दुपारपर्यंत पाच वेळा आपटला. संध्याकाळी टिकला.

प्रफुल घरी आला तेव्हा विचारलं, काल ते हसले तेव्हा बाबा पण हसले का?

शर्टाची बटणं काढत होता. "नाही. ते म्हणाले, लेकरू पहिल्या दिवशी धावत नाही."

"कोणाला म्हणाले?"

"त्या हसणाऱ्याले."

हे काल का नाही सांगितलंस, तर खांदे उडवले. काही गोष्टी एक रात्र स्वतःजवळ ठेवतो तो.

१६ नोव्हें., रवि.

सगळं लिहून ठेवायचंय, एक अक्षर सुटायला नको.

नवा प्रोग्रॅम चालला. फळं आपापल्या क्रेटमध्ये. पण पट्ट्याची मोटर चालू केली की मधेच लाल पट्टी, पोर्ट गायब. आपोआप परत जोडायचं घातलंय मी, जोडतो तो, पण तेवढ्यात फळं निघून जातात. मला शंका, काट्याची वायर मोटरच्या वायरीला चिकटून गेलीय. ती हलवत हलवत पाहावी लागणार होती. प्रफुल पट्ट्याखाली आडवा, वैशू वरून फळं सोडतेय. मजूर जेवायला गेलेले. फोनवर मला पडदा वाचून दाखवायला कोणी नाही.

वैशू म्हणाली (लांबून): "बाबा, तुम्ही वाचा नं. मॅडम फोनवर हायेत."

खाट कुरकुरली. चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज. मी इथे उगाच ओढणी नीट केली.

"हॅलो. मी बोलून राह्यलो."

"हं. बोला." पुढे काय म्हणू? मामाजी म्हणायचा हक्क नाही, काका म्हणणं खोटं. काहीच म्हटलं नाही.

"एकशे एकसष्ट." ट्रंक कॉलवर बोलावं तसे ओरडत होते. "एकशे अठ्ठ्याहत्तर. एकशे... गेलं. लाल झालं."

"आता जोडलं जाईल. थांबा."

"जोडलं. एकशे पंचावन्न."

"प्रफुलला सांगा, वायर अजून डावीकडे घ्यायची. मोटरपासून लांब."

 नुसता पट्टा चालल्याचा आवाज. मला वाटलं फोन कटला. मी हॅलो म्हणणार, तेवढ्यात ते फोन तोंडापासून दूर करून बोलले, पण मला ऐकू आलं.

"ए प्रफुल. मॅडम म्हणून राह्यल्या, डावीकडं घे."

खालून, पट्ट्याच्या आतून: "हो, बाबा."

मग आकडे. बरेच आकडे. मी लिहून घेत होते. लाल एकदाच झालं, फार उशिरानं. मी म्हटलं, आता बरं आहे, आज इतकं पुरे, फार मदत झाली तुमची.

"हं," म्हणाले. ठेवतील असं वाटलं. ठेवला नाही.

"पाय कसा हाय आता?"

मी म्हटलं, बरा आहे. दुखत नाही तितका.

"दूध घेत जा," म्हणाले आणि फोन वैशूकडे दिला.

१६, पुढे

प्र. आला. काही विचारायच्या आत पलंगाच्या कडेला बसला. शर्टाला ग्रीसचे डाग, बाहीला जाळं.

"नाव घेतलं त्याईनं माह्यं."

"ऐकलं मी."

"तू ऐकलं?"

"फोन चालू होता."

रडला नाही, पण तोंड धुवायला गेला तो बराच वेळ आला नाही. आल्यावर म्हणाला, बाबांनी बसस्टॉपपर्यंत सोडलं, मोटरसायकलवर. वाटेत काय बोलले? "मागचं हँडल धरून बस, म्हणाले." डोक्यावर टोपी. माझ्या ध्यानात यायला वेळ लागला की धुतलेली आहे.

१९ नोव्हें., बुध.

कालपासून राग येतोय. काहून येतोय तेही कळेना. एवढं चांगलं झालं. तरी.

दूध घेत जा म्हणे. इतकी वर्षं मी दूध घेते की नाही कोणाला पडली नव्हती. आणि मी तरी काय, एका वाक्यावर विरघळले. दिवसभर प्रफुलशी तुटक बोलले. त्याला समजलं. वाद घातला नाही त्यानं, गांधीबागेतून येताना माझ्या आवडीचा चिवडा आणला, वर ओतायची तिखट रश्शाची तर्री वेगळी बांधून. खाता खाता म्हणाला, "तुह्या रागाले जागा हाय या घरात. फक्त तर्री थंडी नको करू."

कसं रागवायचं या माणसावर.

२४ नोव्हें., सोम.

दिल्लीची गाडी भरली! वैशूचा व्हिडिओ: क्रेटवर क्रेट, मागे ती दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी. जो बोर म्हणून हसला होता तोच क्रेट लावतोय. "मशीन परत करा म्हणणारे आता आपलाच माल आधी लावा म्हणून भांडून राह्यले," ती म्हणाली.

पोर्ट मात्र अजून सुटतो. दिवसातून एखाद-दोनदा. परत जोडला जातो, पण एक फळ हुकतं. वैशू म्हणते चालते एवढं. मला चालत नाही. खोट्या पोर्टावर काही केल्या तसं होत नाही. प्रोग्रॅममधूनच पोर्ट तोडून पाहिला, वाचता वाचता तोडला, लिहिताना तोडला. प्रत्येक वेळी सावरतो. तिथे मात्र एक फळ जातंच. इथे बसून नाही सापडायचं.

४ डिसें., गुरु.

प्लास्टर निघालं. पाय दुसऱ्याच कोणाचा वाटतो, बारीक, पांढरट. काठी घेऊन दारापर्यंत गेले. आई मागे, प्र. पुढे, दोघांचे हात पसरलेले. मी काय कावळा आहे का उडून जायला!

९ डिसें., मंगळ.

दुपारी अनोळखी नंबर.

"हॅलो. मी बोलून राह्यलो."

आवाज ओळखला. बसले होते ती उठून उभी राहिले, काठी न घेता.

"ते लाल झालं होतं सकाळी. दोनदा."

"हो का. मी पाहते."

"वैशू म्हणते तिथून दिसत नाही ते. इथी येऊन पाहावं लागते."

"हो. खरंय ते."

"प्लास्टर निघालं म्हणे."

"निघालं."

मग ते पट्ट्याविषयी काहीबाही बोलले, थंडी पडल्याचं बोलले, ढग आलेत, तोडणी घाईनं करावी लागेल. मी हं हं करत होते. शेवटी:

"मंग रविवारी येजो त्याच्यासंग."

येजो. येजो घरच्या लेकराला; मॅडमला कोणी येजो म्हणत नाही, येजा म्हणतात. मी इतकी गोंधळले की "बरं, मामाजी" निघून गेलं तोंडातून. ओढून परत घेता येईना. पलीकडे खोकल्याचा आवाज. फोन ठेवला.

प्रफुलला सांगितलं तर त्यानं तीनदा तेच विचारलं. "येजो म्हणाले? येजा नाही?" येजो. "नक्की?" मी कशाला खोटं सांगू.

१४ डिसें., रवि.

निघायचं आहे. बस साडेआठची. मधे पाय लांब करता येईल अशी सीट मिळाली तर बरं. पिशवीत लॅपटॉप, नवीन जाड वायर, काट्याची वायर लॅपटॉपच्या भोकात बसवणारा दुसरा कन्व्हर्टर. मला वाटतं जुना कन्व्हर्टरच कमकुवत आहे, मोटर चालू होताना दम सोडतो. चुकूही शकते. आज कळेल किंवा नाही कळणार.

साडी की ड्रेस यावर आईला फोन केला. "काम करायले चालली नं? मंग ड्रेस. वायरीत पदर अडकते," ती म्हणाली. मग थांबून, "डबा नको नेऊ. पाहू जेवणाचं काय करतात ते."

डबा नेत नाही.

वैशूकडून काल सगळं नीट समजून घेतलं. शेड रस्त्याला लागूनच आहे. घर त्याच्या मागे, तुरीच्या वावरापलीकडे, पायवाटेनं दहा मिनिटं, माझ्या पायानं जास्त. शेडपर्यंत यायचं सांगितलंय. वावरापलीकडचं कोणीच काही बोललेलं नाही, बाबा नाहीत, वैशू नाही, प्रफुलही नाही.

तो खाली रिक्षा थांबवून हाका मारतोय. आले रे.